पहिला बाँड लाइव्ह होता: १९५४ चा ‘कॅसिनो रॉयल’

या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका किश्श्याने करू. तुम्ही कदाचित ऐकलाही असेल. साल १९५४. अमेरिकेत टीव्हीवर जेम्स बाँड पहिल्यांदाच अवतरतोय आणि सगळं लाइव्ह चाललंय. शेवटी खलनायक मरतो. ही भूमिका पीटर लॉरे करतोय, त्या काळातला मोठा नट. जमिनीवर पडल्या पडल्या त्याला वाटतं, कॅमेरा आता दुसरीकडे वळला. मग हा पठ्ठ्या शांतपणे उठतो आणि ड्रेसिंग रूमकडे चालू लागतो. आणि घरोघरी लोक बघतायत की मेलेला माणूस उठून निघाला!

किस्सा मस्त आहे आणि बाँडवर लिहिणाऱ्या अनेकांनी तो वर्षानुवर्षं सांगितलाय. पण तो खोटा आहे. पूर्ण खोटा नाही, पत्ता चुकलेला आहे. प्रेत उठल्याचा प्रकार खरंच घडला होता, त्याच मालिकेत घडला होता, फक्त दोन आठवडे आधी आणि वेगळ्या गोष्टीत. मालिकेचं नाव ‘क्लायमॅक्स!’, चॅनेल सीबीएस. ७ ऑक्टोबर १९५४ ला तिचा पहिलाच भाग झाला, रेमंड चँडलरच्या ‘द लाँग गुडबाय’वर. त्यात ट्रिस्ट्रम कॉफिन नावाचा नट चादरीखाली प्रेत होऊन पडला होता. आपला सीन संपला असं समजून तो उठून गेला, आणि कॅमेरा त्याच्यावरच होता. (कॉफिन म्हणजे शवपेटी. प्रेताची भूमिका करणाऱ्या माणसाचं हे खरं आडनाव. मी बनवलेलं नाही.)

मग तो किस्सा लॉरेला का चिकटला? माझं उत्तर साधं आहे. कॉफिन कोणाला आठवणार? लॉरे सगळ्यांना माहीत, बाँड तर त्याहून जास्त. अफवा नेहमी मोठ्या नावाकडे सरकते. आणि ती खोडायला बरीच वर्षं कोणाकडे काही साधनही नव्हतं, कारण तो भाग कुठे सापडतच नव्हता.

आजचा विषय हाच आहे. हेरकथांच्या कादंबऱ्या लाइव्ह टीव्हीवर कशा आल्या, त्या माध्यमाने त्यांचं काय केलं, आणि त्यातलं आज आपल्याला काय बघायला मिळतं.

आधी लाइव्ह नाटक म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आज लाइव्ह म्हटलं की आपल्याला क्रिकेट मॅच किंवा निवडणुकीचा निकाल आठवतो. पन्नासच्या दशकात अमेरिकेत नाटकंच्या नाटकं लाइव्ह जायची. स्टुडिओत शेजारी शेजारी तीन-चार सेट उभे. एका सेटवर सीन चालू असताना दुसऱ्या सेटवर पुढच्या सीनची तयारी. भलेमोठे कॅमेरे चाकांवर इकडून तिकडे ढकलले जातायत, त्यांच्या जाड केबल जमिनीवर पसरलेल्या, आणि नट एका सेटवरून दुसऱ्या सेटवर दबक्या पावलांनी धावतायत. जाहिरात लागली की तेवढ्यात कोट बदलायचा. चुकलं तर चुकलं.

मी भंडारा जिल्ह्यातला. साकोली, लाखांदूर, पवनी भागातल्या श्रोत्यांना हे समजवायला मला अजिबात वेळ लागणार नाही. झाडीपट्टीचं नाटक बघितलंय ना? दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की गावोगावी वडसाच्या कंपन्यांची नाटकं लागतात. रात्री सुरू होतात ती पहाटेपर्यंत. मंच, पडदे, बाजूला बसलेले वादक, समोर थंडीत शाली गुंडाळून बसलेलं अख्खं गाव. संवाद विसरला तर नट स्वतःचं काहीतरी जोडतो, गाणं रंगलं तर पुन्हा घेतो. सीबीएसचा स्टुडिओ म्हणजे हेच, फक्त तीन कॅमेरे जास्त आणि ‘वन्स मोअर’ला परवानगी नाही. घड्याळ बघून बरोबर वेळेत संपवायचं. झाडीपट्टीच्या नटाला अमेरिकेच्या त्या स्टुडिओत नेऊन सोडला असता तर त्याला सगळ्यात जास्त त्रास घड्याळाचा झाला असता, बाकी तो आरामात निभावून गेला असता असं मला वाटतं.

आता पुस्तकाकडे येऊ.

इयन फ्लेमिंग हा दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तचर खात्यात होता. युद्धानंतर पत्रकारिता करायचा आणि थंडीचे दोन महिने जमैकातल्या आपल्या घरी राहायचा. तिथे १९५२ च्या सुरुवातीला त्याने ‘कॅसिनो रॉयल’ लिहिली. एप्रिल १९५३ मध्ये ती लंडनला प्रसिद्ध झाली. ब्रिटनमध्ये बरी खपली. पुढच्या वर्षी अमेरिकेत आली आणि तिथे जवळपास पडलीच. म्हणजे सीबीएसने ही कादंबरी घेतली तेव्हा ‘जेम्स बाँड’ हे काही मोठं नाव नव्हतं. आठवड्याला एक नवी गोष्ट लागायची, आणि स्वस्तात मिळणारं रहस्यमय पुस्तक हवं होतं. हक्कांचे किती मिळाले? १००० डॉलर. तेव्हा एका डॉलरला पावणेपाच रुपयांच्या आसपास पडायचे, म्हणजे आपले पावणेपाच हजार रुपये. त्यात जेम्स बाँड टीव्हीला मिळाला.

२१ ऑक्टोबर १९५४, गुरुवार. ‘क्लायमॅक्स!’चा तिसरा भाग. हॉलिवूडमधल्या सीबीएसच्या टेलिव्हिजन सिटीतून प्रसारण. सुरुवातीला सूत्रधार विल्यम लंडिगन येतो आणि पत्ते वाटायची ती लाकडी पेटी दाखवतो, जिला जुगारवाले ‘शू’ म्हणतात. आणि गोष्ट सुरू.

बाँड झालाय बॅरी नेल्सन. तो अमेरिकन, आणि त्याचा बाँडही अमेरिकन! नाव जेम्स नाही, ‘जिमी’. तो ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा नाही, एका अमेरिकन संस्थेचा आहे. कादंबरीत त्याला मदत करणारा सीआयएचा फेलिक्स लायटर आहे. इथे उलटापालट करून त्याचा ब्रिटिश क्लॅरेन्स लायटर केलाय, आणि ती भूमिका मायकेल पेट या ऑस्ट्रेलियन नटाने केलीय. सगळी सरमिसळ. पण यात मला अमेरिकन गर्वापेक्षा व्यवहार जास्त दिसतो. पन्नास मिनिटांत हा ब्रिटिश माणूस कोण, त्याचं खातं कोणतं, हे सांगत बसायला वेळ कुठून आणणार? आपला माणूस आपल्यासारखा दाखवला की काम भागतं. नेल्सनने पुढे मुलाखतींमधून सांगितलं की त्याने कादंबरी वाचलेली नव्हती आणि हे पात्र करायचं कसं हेच त्याला कळत नव्हतं. ते पडद्यावर दिसतं. बाँडची ती बेफिकिरी त्याच्यात नाही. तो जरा गोंधळलेला, घाईतला माणूस वाटतो. मला तो आवडतो, का ते पुढे सांगतो.

पटकथा लिहिणारे दोघे, अँटनी एलिस आणि चार्ल्स बेनेट. हा बेनेट म्हणजे साधा माणूस नाही बरं का. हिचकॉकच्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’ची पटकथा त्याचीच, ‘सीक्रेट एजंट’चीही त्याचीच. पहिली जॉन बखनच्या कादंबरीवर, दुसरी सॉमरसेट मॉमच्या हेरकथांवर. आणि ‘सीक्रेट एजंट’मध्ये पीटर लॉरेसुद्धा होता. म्हणजे १९३६ मध्ये हेरांच्या सिनेमात एकत्र आलेले दोघे १८ वर्षांनी लाइव्ह टीव्हीवर भेटले. तो भाग बघताना दोन गोष्टी कसलेल्या वाटतात, गोष्टीची बांधणी आणि लॉरे. ते उगाच नाही.

आता खरी गंमत. कादंबरीचं काय केलं?

हेरकथेला काय लागतं? देश बदलतात, रेल्वे, गाड्यांचा पाठलाग, स्फोट. ‘कॅसिनो रॉयल’मध्येही बॉम्ब आहे, रात्रीचा गाड्यांचा पाठलाग आहे. लाइव्ह स्टुडिओत यातलं काय होणार? काहीच नाही. बॉम्बऐवजी बाँड कॅसिनोच्या दारात येतो तेव्हा त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातात आणि तो खांबाआड होतो. बंदुकीचा आवाज स्वस्त पडतो. पाठलाग गेला. उरलं काय? खोल्या. कॅसिनोचा हॉल आणि हॉटेलची खोली. आणि एक टेबल.

पण योगायोग बघा. फ्लेमिंगच्या बाकीच्या कादंबऱ्यांपेक्षा ही कादंबरी मुळातच एका टेबलाभोवतीची आहे. ल शिफ्र हा सोव्हिएत संघाचा फ्रान्समधला हस्तक. त्याने मालकांचा पैसा उडवलाय आणि तो आता जुगारात परत मिळवायचाय. बाँडला त्याला बॅकारात हरवायचंय, म्हणजे त्याचेच लोक त्याला संपवतील. बस, एवढीच गोष्ट. दोन माणसं समोरासमोर बसलेली, मध्ये पत्ते. लाइव्ह टीव्हीला याहून चांगलं काय हवं? महागडा सेट नको, जवळून चेहरे दाखवायचे.

फक्त एक अडचण. अमेरिकेतल्या साध्या घरात बॅकारा कोणाला येतो? आपल्याकडे तीन पत्ती सगळ्यांना कळते, बॅकारा नाही. बेनेट आणि एलिसने सरळ उपाय केला. बाँड टेबलाशी बसून लायटरला खेळ समजावून सांगतो. नऊच्या जवळ जायचं, दहा झाले की शून्य धरायचं, असं. लायटर आपल्या वतीने शिकतो. वाचताना हे रटाळ वाटेल, पण बघताना पाच मिनिटांनी आपण पत्ता उघडायची वाट बघत असतो. मी स्वतः तो खेळ या भागातूनच शिकलो.

लॉरेबद्दल काय सांगू. बुटका, डोळे बाहेर आलेले, आवाज एकदम मऊ. तो धमकी देत नाही, विनंती केल्यासारखं बोलतो. त्याच्यासमोर नेल्सनचा गोंधळलेला बाँड शोभतो, कारण हा माणूस हरू शकतो असं खरंच वाटतं. शॉन कॉनरी खेळत असता तर कोण जिंकणार हे आपल्याला आधीच माहीत असतं.

मग छळाचा प्रसंग. कादंबरीत तो भयंकर आहे, मी इथे वर्णन करत नाही. १९५४ च्या टीव्हीवर, घरातली मंडळी एकत्र बसलेली असताना, ते शक्यच नव्हतं. म्हणून बाँडला बाथटबमध्ये टाकलं, आणि पकडीने त्याच्या पायाच्या बोटांवर अत्याचार. आपल्याला दिसतो मुख्यतः चेहरा, आवाज ऐकू येतो, बाकीचं आपण मनात भरतो. सेन्सॉरमुळे आणि लाइव्हच्या मर्यादेमुळे जे झालं ते आजही बघवत नाही. हा त्या भागातला सगळ्यात चांगला प्रसंग आहे असं माझं मत.

पण जे गेलं तेही सांगायला हवं. कादंबरीत व्हेस्पर लिंड आहे. बाँड तिच्यावर प्रेम करतो, आणि शेवटी कळतं की ती शत्रूची हेर होती. ती आत्महत्या करते. ‘कॅसिनो रॉयल’चा सगळा कडवटपणा तिथे आहे. बाँड पुढे जसा झाला तसा का झाला, त्याचं कारणही तिथेच. टीव्हीने व्हेस्पर आणि फ्रेंच हेर मातिस या दोघांना एकत्र करून व्हॅलेरी मातिस बनवली. लिंडा ख्रिश्चनने ती केली. व्हॅलेरी फ्रेंच गुप्तहेर खात्याची निघते, बाँडला मदतच करते. विश्वासघात नाही, आत्महत्या नाही. कादंबरीत ल शिफ्रला त्याचेच सोव्हिएत मालक मारतात, इथे बाँडच गोळी घालतो. आणि समाप्त. वेळ संपली, पुढच्या आठवड्यात नवी गोष्ट. इथे मी माध्यमाला माफ करत नाही. खोल्या कमी असणं समजू शकतं, पण व्हेस्परला वाचवायला जास्त सेट लागत नव्हते. तिचा शेवट एका खोलीत, एका पत्रावर होतो. तो लाइव्ह करता आला असता.

त्या रात्री हे प्रसारण झालं आणि विषय संपला. गाजलं नाही. फ्लेमिंगने त्यानंतरही टीव्हीची दारं बरीच ठोठावली. १९५६ मध्ये जमैकावरच्या एका टीव्ही मालिकेचा आराखडा त्याने लिहिला. मालिका झाली नाही, तीच कल्पना वाढवून ‘डॉ. नो’ ही कादंबरी झाली. नंतर सीबीएससाठी बाँडच्या मालिकेचे कथानक-आराखडे लिहिले. तेही बारगळले, आणि त्यातल्या काहींच्या लघुकथा होऊन १९६० च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’ या संग्रहात गेल्या. म्हणजे बाँडचं बरंचसं साहित्य हे टीव्हीने नाकारलेल्या कागदांतून आलंय. १९६२ मध्ये ‘डॉ. नो’ सिनेमा आला आणि मग नेल्सनचं नाव सगळे विसरले.

आता तो भाग टिकला कसा? हा माझ्या आवडीचा तांत्रिक मुद्दा आहे, थोडं सहन करा.

व्हिडिओटेप तेव्हा नव्हती. अँपेक्सचं यंत्र आलं १९५६ मध्ये. मग लाइव्ह प्रसारण जपायचं कसं? उपाय एकदम देशी वाटेल असा. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावायचा आणि पडद्याचंच शूटिंग करायचं. याला किनेस्कोप म्हणायचे. लग्नाची जुनी कॅसेट टीव्हीवर लावून मोबाइलने रेकॉर्ड करतात ना, अगदी तेच. अडचणही तीच, फ्रेम जुळत नाहीत. अमेरिकन टीव्ही सेकंदाला ३० चित्रं दाखवायचा, फिल्म २४ घ्यायची. पडद्यावर काळे पट्टे येऊ नयेत म्हणून शटरची खास रचना करावी लागायची. तरी चित्र धुरकट यायचंच.

हे इतिहास जपायला नव्हतं. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यात तीन तासांचा फरक. न्यूयॉर्कमध्ये रात्रीची वेळ म्हणजे कॅलिफोर्नियात दुपार कलायची वेळ. म्हणून एका बाजूला लाइव्ह आणि दुसऱ्या बाजूला काही तासांनी फिल्म लावायची. काम झालं की त्या फिल्मची किंमत शून्य. आमच्या धंद्यात अशा फायलीला टेम्प म्हणतात आणि रात्री एक स्क्रिप्ट येऊन त्या उडवून जाते.

ब्रिटनमध्येही तेच. त्याच वर्षी १२ डिसेंबरला बीबीसीने जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ लाइव्ह केली. हेरकथा नव्हे, पण सरकार प्रत्येकावर पाळत ठेवतंय अशी कादंबरी, त्यामुळे आपल्या विषयाच्या शेजारचीच. पीटर कुशिंग नायक. संसदेपर्यंत गोंधळ गेला. आणि चार दिवसांनी, १६ तारखेला, पुनःप्रक्षेपण. पण पुनःप्रक्षेपण म्हणजे काय? सगळे नट परत आले आणि अख्खं नाटक पुन्हा केलं! आपल्या भाषेत दुसरा प्रयोग. आज आपण जे बघतो तो हा दुसरा प्रयोग, कारण फिल्मवर तोच घेतला गेला.

‘कॅसिनो रॉयल’ची किनेस्कोप प्रत कित्येक वर्षं हरवलेली मानली जात होती. १९८१ मध्ये जिम शोनबर्गर या चित्रपट-संशोधकाला कृष्णधवल प्रत सापडली. पुढे व्हिडिओ कॅसेटवर आली तेव्हा सुरुवातीच्या प्रतींमध्ये शेवटची मिनिटं नव्हती. ती नंतर मिळाली. आणि मग कळलं की लॉरे नीट मेलेला आहे, उठून कुठेही गेलेला नाही. एक डबा सापडला आणि अनेक वर्षांची अफवा पडली.

आता आपल्याकडे. १९५४ मध्ये भारतात टीव्हीच नव्हता. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झाला, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला. भंडाऱ्याकडे तर टीव्ही ऐंशीच्या दशकात पोचला. तोवर टेप आलेली होती. म्हणजे लाइव्ह टीव्ही-नाटकाचा तो काळ आमच्या भागाने ओलांडूनच पुढे उडी मारली. मराठीत हेर आणि रहस्य कमी नव्हतं. बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्या हजाराच्या वर, झुंजार आणि काळा पहाड घराघरात. सत्तरच्या दशकात गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, तो तर सैन्यातला हेरच. लायब्ररीतून दिवसाला एक पुस्तक संपवणारी पिढी आपल्याकडे होती. कॅप्टन दीप लाइव्ह स्टुडिओत, दोन खोल्या आणि एका टेबलावर कसा उभा राहिला असता, हा विचार मी बऱ्याचदा करतो. अर्नाळकरांच्या पुस्तकात संवाद भरपूर, त्यामुळे बेनेटला फार कष्ट पडले नसते.

आमच्याकडचं लाइव्ह नाटक मात्र मंचावर चालूच राहिलं आणि अजून चालूय. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या बऱ्याच मित्रांनी मला विचारलं की हे झाडीपट्टी म्हणजे काय. दाखवायला माझ्याकडे होतं काय? अलीकडच्या काही सीझनचे मोबाइलचे व्हिडिओ. समोरच्या माणसाचं डोकं मध्ये, आवाज फाटलेला. त्याआधीच्या पन्नास वर्षांचं दाखवायला जवळपास काही नाही. आणि किस्से मात्र ढीगभर आहेत, प्रत्येक गावात. अमक्या नटाची मिशी निघाली, तमक्याची तलवार तुटली. त्यातला कोणता किस्सा खरा कोणाचा, हे तपासायला आपल्याकडे डबा नाही.

म्हणून एक काम सांगतो. नव्वदच्या दशकात गावात कोणीतरी व्हिडिओ शूटिंगवाला बोलावलेला असतो, लग्नासोबत मंडईचं नाटकही घेतलेलं असतं. अशी व्हीएचएस कॅसेट घरात असेल तर आधी झाकण उघडून बघा, टेपवर पांढरी बुरशी असेल तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, यंत्रही खराब होईल आणि टेपही तुटेल. कोरड्या जागी, उभी ठेवा. बाहेर नाटकाचं नाव, गाव आणि साल पेनाने लिहा. साल आठवत नसेल तर त्या वर्षी घरात काय झालं होतं ते लिहा, त्यावरून काढता येतं. बुरशी कशी काढायची आणि संगणकावर कशी उतरवायची, ते पुढच्या भागात.